शांतता कुणाची

रविवारची जेवणं उरकली, ताटं उचलली गेली, आणि बिट्टीने ओल्या फडक्याने टेबल पुसून बरोबर मधोमध आपला रेकॉर्डर ठेवला. तो पाहताच काकांनी खुर्ची मागे सरकवली.

"पुन्हा? अगं, वर्षभर आमचे घास गिळल्याचे आवाज गोळा केलेस. अजून पोट भरलं नाही का तुझ्या विद्यापीठाचं?"

"आज गोळा करायचं नाहीये, काका. आज ऐकवायचंय. मग प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं आणि सुटायचं."

"इंग्रजी शिकायला पाठवली," काका काकूकडे बघून म्हणाले, "आणि ही घरच्यांच्याच तोंडाला कान लावून बसली!"

काकांचा हा विनोद आता वर्षाचा झाला होता, तरी त्यांना तो दर वेळी ताजाच वाटे. बिट्टी इंग्रजी साहित्य आणि भाषाशास्त्र शिकत होती. पहिलं वर्ष नाटकं, कादंबऱ्या आणि जुन्या कविता वाचण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी प्रबंध आला, तेव्हा तिने विषय घेतला तो जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांचा. एकाचं बोलणं कुठे संपतं, दुसरा कुठून धरतो, कोण कुणाला तोडतं, कोण कुणासाठी थांबतं, असं सगळं. त्यासाठी माणसं हवीत, आणि घरच्यांइतकी फुकट माणसं कुठे मिळणार? अट एकच होती. ज्यांची ज्यांची बोलणी रेकॉर्ड झाली, त्या प्रत्येकाने स्वतःच्या आवाजात सांगायला हवं की 'माझं बोलणं वापरायला माझी हरकत नाही'. एकाने जरी नकार दिला तरी विभाग प्रबंध घेत नसे. आणि प्रबंध उद्या द्यायचा होता.

बाबा बोटीवर होते, ते बंदरातून फोनवर वाक्य बोलून मोकळे झाले होते. अण्णा, म्हणजे बिट्टीचे आजोबा, जेवणानंतर आतल्या खोलीत पडले होते. उरले काका, काकू आणि आई.

"आधी ऐका," बिट्टी म्हणाली. "मला एक गोष्ट विचारायचीये. कुणी हसायचं नाही."

तिने बटण दाबलं.

चमच्यांचे आवाज आले. पाण्याचा तांब्या ठेवल्याचा आवाज आला. मग अण्णांचा जाड, सावकाश आवाज आला, "आणखी काय?"

मग काहीच नाही. चमचेसुद्धा थांबलेले. ऐकणाऱ्याला वाटावं, यंत्र बंद पडलं. आणि मग काकूचा आवाज, अगदी रोजचा, घरगुती, "हो, ठेवलंय ना तुझ्यासाठी."

बिट्टीने यंत्र थांबवलं. "कुणासाठी ठेवलं होतंस काकू?"

"तुलाच म्हटलं असेन!"

"मला काही ठेवलं नव्हतंस. आणि मला तू 'कार्टे' म्हटल्याशिवाय काही देत नाहीस."

काकू हसली. काकाही हसले. बिट्टीने पुढचं लावलं. पुन्हा अण्णांचं "आणखी काय?", पुन्हा ती शांतता, आणि मग काकांचा आवाज, "उघडतो, उघडतो." खुर्ची सरकली. खिडकीची कडी वाजली.

"कुणी सांगितलं होतं उघडायला?"

"उकडत असेल."

"थंडीतलं आहे हे. तुम्ही खोकताय, ऐकू येतंय. स्वेटर होता तुमच्या अंगात."

काकांनी ओठ मुडपले. तिसऱ्या वेळी आईचा आवाज निघाला, ओशाळलेला, नव्या सुनेसारखा, "नाही हो, मला नाही माहीत ते गाणं." त्याच्या आधी पाच मिनिटं आणि नंतर पाच मिनिटं गाण्याचा विषय कुणी काढलेला नव्हता. आई रेकॉर्डरकडे बघत राहिली. तिला आपलाच आवाज परका वाटत होता. काकूचं हसू मात्र तिथल्या तिथे गेलं.

"एवढ्याने घाबरलात?" काका म्हणाले. "अण्णांची दुकानातली सवय आहे ती. जन्मभर चष्म्याच्या काचा बदलून बदलून विचारलं, 'हे बरं की हे बरं?' गिऱ्हाईक उत्तर देईपर्यंत थांबायला नको? मीही थांबतो. बापाने विचारलं, की आपण थांबायचं. आणि थांबून थांबून माणूस काहीतरी बोलतोच."

"मलाही तसंच वाटलं होतं," बिट्टी म्हणाली.

तसंच वाटलं होतं, तोवर ती निर्धास्त होती. तिच्या मॅडमनी टिपण चाळता चाळता एका ओळीवर पेन टेकवला तेव्हा तिला पहिल्यांदा कसंतरी झालं. बोलणाऱ्या प्रत्येकाला एक अक्षर द्यायची पद्धत असते. मॅडमनी विचारलं, "टेबलावर पाच माणसं म्हणालीस. अक्षरं सहा का?" बिट्टीला वाटलं, टायपिंगची चूक. पण पान उलटलं तर तेच, आणि त्याच्या पुढच्यावरही तेच. पहिल्या दिवसापासून तिने त्या शांततेला एक वेगळं अक्षर दिलं होतं, वेगळी ओळ दिली होती, एखादं माणूस बोलल्यासारखी, आणि हे करताना तिच्या मनात काहीच आलं नव्हतं. मॅडम चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "शांतता बेवारस नसते. ज्याला विचारलं आणि जो बोलला नाही, त्याची असते. ही कुणाची, ते शोध. तुझा प्रबंध हाच आहे." बिट्टी त्या दिवशी बसमध्ये बसायचं सोडून घरापर्यंत चालत आली होती. मॅडमचं हे सगळं बोलणं तिने आता टेबलावर सांगितलं.

"बाबा सुट्टीवर आले होते, तेव्हा टेबलावर सहा माणसं होती," ती पुढे म्हणाली. "तेव्हा मी सात अक्षरं वापरलीत."

समोरच्या भिंतीवर दुकानातली नजर तपासायची जुनी पाटी होती, वर मोठं अक्षर आणि खाली खाली बारीक होत गेलेली अक्षरं. या घरातल्या पोरांना इंग्रजी अक्षरं शाळेच्या आधी त्या पाटीने शिकवली होती. काका तिकडे बघत होते.

"कापून टाक ते," ते म्हणाले. "तेवढे तुकडे काप, मग मी तुझं वाक्य बोलतो. शंभर वेळा बोलतो."

"ते कापलं तर खाली उरतं काय?"

"काही उरलं नाही तरी चालेल! उद्या चार प्रोफेसर हे ऐकणार, माना डोलावणार, त्यावर चर्चा करणार. धाकटीवर चर्चा करणार ते? मी नाही..."

आणि ते थांबले.

'धाकटी' हा शब्द या घरात कुणी उच्चारत नसे. बिट्टीच्या आईला सगळे 'लहान सून' म्हणत, धाकटी सून कधीच नाही. दुकानातल्या दोन पोऱ्यांपैकी एकाला कुणीतरी 'धाकटा' म्हटलं, तर अण्णांनी त्याला दुसरं नाव दिलं होतं. आपल्याला एक आत्या होती आणि ती गेली, एवढंच बिट्टीला ठाऊक होतं. तिने काकांकडे पाहिलं.

आई उठली आणि चहाचं निमित्त करून आत गेली. तिच्यामागे काकूही गेली.

स्वयंपाकघरात आईने पातेलं चढवलं आणि पाणी ओतायचं विसरली. काकूने ते ओतलं.

"ताई, खरं सांगा. मी कुठल्या गाण्याचं म्हणाले?"

"मला काय माहीत?"

"तुम्हाला माहितीये. तुमचं तोंड पाहिलं मी."

काकूने गॅस बारीक केला. दवाखान्यात नर्स म्हणून तिने पुष्कळ माणसं जाताना पाहिली होती आणि त्याविषयी ती सहज बोलत असे. पण आता ती हलक्या आवाजात बोलू लागली. "ती जेवताना गुणगुणायची. एक ओळ म्हणायची आणि विचारायची, 'वहिनी, हे गाणं माहितीये?' मला कधीच माहीत नसायचं. तू आलीस तेव्हा तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. तुला हे कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही." आईने ओट्याची कड धरली. "काय झालं होतं, ताई? मी आले तेव्हापासून विचारायचं धाडस झालं नाही."

"काय व्हायचं? हाच विषय. हेच विद्यापीठ. तिला इंग्रजी साहित्य शिकायचं होतं आणि अण्णांना वाटे, मुलगी हुशार आहे, डोळ्यांचं शिकेल, दुकान पुढे नेईल. सुट्टीत आली तेव्हा या टेबलावर जुंपली दोघांची. ती बोलायला लागली की ऐकायची नाही कुणाचं. अण्णा म्हणाले, 'या टेबलावर तू यापुढे एक शब्द बोलायचा नाहीस.' रागात म्हणाले गं. पण ती त्यांचीच मुलगी. सुट्टी संपेपर्यंत रोज जेवायला बसली आणि एक शब्द बोलली नाही. अण्णांना वाटायचं, आज बोलेल. जेवण संपत आलं की तिच्याकडे न बघता विचारायचे, 'आणखी काय?' आणि थांबायचे. आम्ही सगळे थांबायचो. ती खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीत खाली मान घालून बसायची."

"मग?"

"मग गेली वसतिगृहात. तिथे ताप आला, डोक्यात गेला. आम्ही पोचलो तेव्हा बोलण्याच्या स्थितीत नव्हती." काकूने पदराने नाक पुसलं. "अण्णा अजून विचारतात. मला वाटलं, सवय. पण मी उत्तर देते, हे मला आज कळलं. देवाशपथ आज कळलं."

चहा उतू गेला. दोघींनी एकदमच हात पुढे केला.

"बिट्टीचं काय करायचं?" आईने विचारलं. "तिची दोन वर्षं..."

"तिची दोन वर्षं बुडायची नाहीत. ह्यांच्याशी मी बोलते," काकू म्हणाली. मघाशी नवऱ्याच्या बाजूने हसणारी काकू आता कप मांडताना दातओठ खात होती. "एका पोरीचं इंग्रजी या घराने खाल्लं. दुसरीचं खाऊ देणार नाही मी."

त्या कपांचा ट्रे घेऊन बाहेर आल्या तेव्हा अण्णा टेबलाशी बसलेले होते. आतल्या खोलीचं दार आज उघडंच राहिलं होतं.

"लाव ते," ते बिट्टीला म्हणाले. "मलाही ऐकू दे."

काका म्हणाले, "अण्णा, राहू द्या. काही नाही त्यात."

"काही नाही तर ऐकायला काय झालं?"

बिट्टीने लावलं. अण्णा चष्मा काढून ऐकत होते. कुणाची नजर तपासताना ते असेच बसत, थोडे पुढे वाकून, हात गुडघ्यावर. खिडकीची कडी वाजली तेव्हा त्यांनी खिडकीकडे पाहिलं. सगळं संपल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा लावला.

"असे किती तुकडे आहेत?"

"पुष्कळ, आजोबा. जवळजवळ रोजच्या जेवणात एक तरी."

"आणि प्रत्येक वेळी कुणीतरी बोलतं."

"हो."

"मी?"

बिट्टीला हा प्रश्न येणार हे माहीत होतं, आणि तो येऊ नये म्हणून तिने ते तुकडे अण्णा झोपले असतानाच काढले होते. "तुम्ही विचारता, आजोबा. नंतर तुम्ही बोलत नाही."

"एकदाही?"

"नाही. मी पुन्हा पुन्हा तपासलं. काका बोलतात, काकू बोलते, आई बोलते. बाबा घरी असले की तेही बोलतात. माझाही आवाज आहे दोन-तीन ठिकाणी. तुमचा नाही."

अण्णांनी मान हलवली. एकेकाकडे ते पाहत गेले, जणू नजर कुणाची धड आहे ते बघत होते. "म्हणजे तुम्हाला ऐकू येतं," ते म्हणाले.

"कुणालाही काही ऐकू येत नाही!" काका ओरडलेच.

"मग उत्तर कुणाला देता?"

बाहेर रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. काकूने ट्रे ठेवला, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "पोरीचं वाक्य बोला आधी. मी बोलते, मग तुम्ही." आणि रेकॉर्डरवर वाकून ती वाक्य बोलली, इंजेक्शन देताना बोलावं तशी एका दमात. मग आई बोलली. "मी काय शत्रू आहे का तिचा," असं पुटपुटून शेवटी काकाही बोलले. बिट्टीने डोळे पुसले आणि रेकॉर्डर अण्णांच्या पुढे सरकवला. तेवढं एक वाक्य, की झालं.

"माझं सगळ्यांत शेवटी," अण्णा म्हणाले. "आधी तिला विचार."

"कुणाला, आजोबा?"

"तुझ्या मॅडम काय म्हणाल्या? मघाशी सांगत होतीस ना, ज्याला विचारलं त्याची असते शांतता. मग जिची आहे तिला विचारायला नको? तुझ्या विभागाचा नियमच आहे."

"अण्णा, काहीतरी बोलू नका," काका म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

बिट्टीने गोंधळून काकूकडे पाहिलं. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं आणि तिला सोडवल्यासारखा हात हलवला. मग ते खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे वळले. इतकी वर्षं ते जिकडे न बघता विचारत होते, तिकडे आता त्यांनी सरळ पाहिलं.

"धाकटे," ते म्हणाले. "मी तुला बोलू नको म्हटलं होतं. चुकलं माझं. ही तुझी भाची आहे, तुझ्याच वाटेने गेलीये. तिने तुझं बोलणं टिपलंय. ते लोकांना द्यायला तुझी काही हरकत आहे का? बोल."

आणि सगळे थांबले.

बिट्टीने आयुष्यातलं अख्खं वर्ष अशा शांतता ऐकण्यात घालवलं होतं. कंटाळ्याची वेगळी असते, रागाची वेगळी असते. ही तिला ओळखता आली. समोरचं माणूस बोलत असताना आपण बोलत नाही, तशी ती होती. काकू मान किंचित कलती करून बसली होती. आईची नजर खुर्चीवर होती आणि ओठ अर्धवट उघडे होते. काकांचा कप तोंडाशी गेला होता तिथेच राहिला. कुणी घाबरलेलं दिसत नव्हतं, आणि बिट्टीच्या अंगावर काटा आला तो त्यामुळेच. मग तिच्या लक्षात आलं की आपलीही मान कलती आहे.

"बरं बाई," काकू म्हणाली. "तू म्हणशील तसं."

"अगं पण हिची दोन वर्षं आहेत त्यात," काका म्हणाले. खुर्चीकडे बघून, गयावया करत म्हणाले. मघापासून प्रबंधाच्या नावाने बोटं मोडणारे काका पुतणीसाठी भांडत होते. "तुझं गेलं ते गेलं. हिचं तरी..."

ते मध्येच थांबले. कुणीतरी बोलणं तोडल्यावर माणूस थांबतो, तसे.

पुन्हा शांतता झाली. ही लांबली. खिडकीचा पडदा हलत नव्हता. चहावर साय धरली होती. आईने एकदा हुंकार दिला, गोष्ट ऐकताना देतात तसा.

"चालेल," बिट्टी म्हणाली. "मी दुसरा विषय घेईन. एक वर्ष जास्त लागेल, इतकंच. नाही, मला राग नाही आला, आत्या."

तिचा आवाज तिनेच ऐकला. आपण कशाला उत्तर दिलं हे तिला सांगता आलं नसतं, एक शब्दही सांगता आला नसता. पण नकार होता याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. आणि ती खोटंही बोलली नव्हती. तिला खरोखरच राग आला नव्हता. रडू मात्र येत होतं. वर्षभराचं काम तिच्या हातून सुटून जात होतं, आणि ते पकडून ठेवायला तिचा हात पुढे होत नव्हता.

रेकॉर्डरचा लाल दिवा अजून लागलेला होता. तिने बटण दाबून तो विझवला.

अण्णा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. बहिऱ्या माणसाने दुसऱ्यांचं हसणं पाहावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारलं. काकूने नजर वळवली. "अरे, सांगा ना कुणीतरी. माझ्याबद्दल काही म्हणाली का?"

काका वडिलांच्या जवळ सरकले, पण त्यांना सांगण्यासारखं काही सापडेना. आईने पदर तोंडाशी धरला. बिट्टीला वाटलं, काहीतरी बनवून सांगावं, म्हाताऱ्या माणसाची समजूत काढावी. "आजोबा, ती म्हणाली..." असं तिने सुरूही केलं.

आणि काकूने तिचा हात दाबला. "थांब. मध्ये बोलू नकोस."

सगळे पुन्हा थांबले होते.

अण्णा खुर्चीकडे वळले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांची मान हळूहळू कलती झाली. कपाळाच्या आठ्या गेल्या, तोंड थोडं उघडं पडलं, आणि बिट्टीने कधीच न पाहिलेला एक तरुण माणूस क्षणभर त्या चेहऱ्यावर दिसून गेला.

"हो गं," अण्णा म्हणाले. आजपर्यंतच्या कुठल्याही जेवणात त्यांचा आवाज या ठिकाणी आलेला नव्हता. "हो. ऐकतोय मी. तू बोल."

मग ते कितीतरी वेळ ऐकत राहिले. मधूनमधून मान हलवत होते, एकदा हसले, एकदा डोळे पुसले. चहा पार गार झाला. पण तिचं बोलणं पुरं होईपर्यंत टेबलावरून कुणी उठलं नाही.